मोजके अहो

सरांनी पहिल्याच भेटीत मला "तू कोन वं?" असं विचारलं, आणि त्याच दमात माझ्या मागे उभ्या असलेल्या, नाक गळणाऱ्या एका पोराला "आपण बसा ना, उभे का?" म्हणून खुर्ची सरकवली. खुर्ची माझी होती. केंद्रात समुपदेशक म्हणून रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झालेला, डोक्यात कॉलेजची हवा अजून ताजी. पोरगं काही खुर्चीवर बसलं नाही. हे 'आपण' म्हणजे कोण आलं ते बघायला त्यानं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग ते माझ्याकडे बघून फिसकन हसलं आणि पळून गेलं.

"घाबरले," सर म्हणाले. "पहिल्या डावाले सारेच घाबरतात." आणि खुर्ची तशीच रिकामी ठेवून ते नळाची तोटी दुरुस्त करायला निघून गेले. मी आपली उभीच.

आमचं केंद्र यवतमाळच्या बस स्टँडमागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, एक न्हाणी आणि पुढे पत्र्याचं छप्पर. स्टँडवर बाटल्या वेचणारी, गाड्यांमध्ये चढून पेनं आणि कंगवे विकणारी, हॉटेलात कपबशा विसळणारी, नाहीतर नुसतीच फिरणारी मुलं दिवसा तिथं येत. आंघोळ करत, जेवत, दुपारभर झोपत, थोडं लिहीत-वाचत आणि पुष्कळ भांडत. मुलांचे हक्क काय आहेत ते भिंतीवर रंगीत अक्षरांत लिहिलेलं होतं. सरांनी ते वाचून एवढंच म्हटलं होतं म्हणे, "ऱ्हस्व-दीर्घ पाहून घ्या लागते."

सर म्हणजे दारव्ह्याकडच्या एका शाळेत जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेले मास्तर. आमच्याकडे ते पगारी नव्हते, पदाधिकारीही नव्हते. एक दिवस आले आणि मग रोज येत राहिले. लांब बाह्यांचा पांढरा शर्ट, तोही कडक इस्त्रीचा, आणि खिशात पेनाच्या जागी नेलकटर. मुलांशी ते पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी बोलत, आणि तुमच्या-माझ्याशी ठसकेबाज वऱ्हाडी. मुलांना अहो, आपण, तुम्ही. मोठ्यांना सरसकट तू, आणि रागात असले तर काय बे. नगरसेवक असो, डॉक्टर असो, आमच्या संस्थेचे अध्यक्ष असोत, सरांच्या तोंडी सगळे 'तू'. अध्यक्ष एकदा माझ्याजवळ कुरकुरलेही, की माझा मुलगा आता वकील झाला आहे, आणि हे मला अजून काय बे म्हणतात.

या उलट्या कारभाराची कीर्ती स्टँडभर पसरलेली होती. एकदा एका जमादारानं बाटल्या वेचणाऱ्या एका मुलाला कॉलर धरून ओढत आणलं. पाकीट मारल्याचा संशय होता. सर पायरीवर बसले होते, ते उठले.

"त्यांची कॉलर सोड."

जमादाराला आधी कळलंच नाही, कोणाची कॉलर आणि कोणी सोडायची. कळल्यावर तो तापला. "मास्तर, हे बराबर नाई. मले तू म्हनता अन् या चोट्ट्याले त्यांची?"

"हे पाह्य बाप्पा," सर शांतपणे म्हणाले, "माह्यापाशी अहो मोजकेच हायेत. तुले वर्दी भेटली, पगार भेटते, सलाम भेटते. यायले काय भेटते? म्हून जे काय माह्यापाशी आहे ते यायच्यासाठी ठेवलं."

जमादारानं कॉलर सोडली. पटलं म्हणून नव्हे, बघ्यांमधला कोणीतरी हसला म्हणून. मग पाकीट त्या प्रवाशाच्याच दुसऱ्या पिशवीत सापडलं, पण ते महत्त्वाचं नाही. सरांनी त्या मुलाला चहा पाजला आणि घडल्या प्रकाराबद्दल त्याची रीतसर माफी मागितली. जमादाराच्या वतीनं, असंही सांगितलं.

खरं सांगायचं तर मला हे बरेच दिवस नाटक वाटायचं. मुलंही काही साधी नव्हती. टिल्ल्या म्हणून एक होता, तो चहावाल्याला दम द्यायचा, "मले अहो म्हन, नाईतर सरले सांगतो." चहावाला त्याला अहो म्हणायचा आणि पाठीत एक धपाटाही घालायचा. मी हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "सुरुवात तं झाली."

सरांची घरात शिरायची एक रीत होती, आणि घर नसलं तरी ती मोडायची नाही. स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून काही मुलं खोक्यांचे पुठ्ठे अंथरून झोपायची. सकाळी त्यांना उठवायला आम्ही जायचो. आमचे कार्यकर्ते सरळ पुठ्ठ्यावर पाय देऊन "चला रे, उठा" करायचे. सर दोन हात लांब उभे राहून खाकरायचे. "येऊ का आत?" आत म्हणजे काय, तर पुठ्ठा. एखादं पोरगं डोळे चोळत "या" म्हणालं की चपला काढून पुठ्ठ्यावर पाय ठेवायचे. कोणी "नका येऊ" म्हणालं, तर खरंच परत फिरायचे. याचा आमच्या वेळापत्रकाला फार ताप व्हायचा.

नखं कापणं हे त्यांचं आवडतं काम. "हात देता का?" असं विचारून ते पोराचा हात आपल्या मांडीवरच्या रुमालावर ठेवून घेत आणि एकेका बोटाचं नख निगुतीनं कापत. पोरं त्या वेळी गप्प बसायची आणि आपल्याच बोटांकडे बघत राहायची. त्या बोटांकडे इतकं लक्ष देऊन कोणी पाहिलं नसावं. काही जण तर नखं वाढलेली नसतानाही रांगेत बसायचे.

हिवाळ्यात ब्लँकेटं वाटायला एक दाते आले होते, सोबत फोटोवाला घेऊन. मुलांना ओळीत उभं केलं, प्रत्येकाच्या हातात ब्लँकेट आणि दात्यांचा हात त्याच्या डोक्यावर. सर फोटोवाल्यापुढे जाऊन उभे राहिले. दात्यांना म्हणाले, "उद्या दुपारी तुह्या घरी येतो. तू जेवत असशीन ना? तोंडात घास असतानी फोटो काढतो. मंग स्टँडवर लावू. चालते काय?" दाते चांगले होते हो, वाईट नव्हते. ओशाळले, आणि ब्लँकेटं ठेवून गेले. पुढच्या वर्षी पुन्हा आले, फोटोवाल्याशिवाय. आमचे अध्यक्ष मात्र दोन दिवस सरांशी बोलले नाहीत. सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

पेपरात 'बेवारस मुलगा सापडला' अशी बातमी आली की त्या दिवशी त्यांच्या वाटेला जाऊ नये. "सापडते ती छत्री," ते म्हणायचे. "मानूस सापडत नसते, भेटते." एकदा त्यांनी बातमीदाराला गाठून अर्धा तास वाक्यरचना शिकवली.

मी एकदा त्यांना विचारलंच, की सर, हे खूळ तुमच्या डोक्यात आलं कुठून. ते एका पोराच्या अंगठ्याचं नख कापत होते. मला वाटलं, नेहमीसारखं एखादं सुविचाराचं वाक्य टाकतील. त्यांना तशी वाक्यं फार आवडत.

"माह्या बापाले," ते मान वर न करता म्हणाले, "केस पांढरे होईपर्यंत गावातलं शेंबडं पोट्टं अबे म्हने. अन् बाप, हो जी, हो जी करे. मंग आमच्या वस्तीनं धम्म घेतला. तवा शहरातून एक मास्तर आले होते, त्यायनं बापाले अहो म्हटलं. तं बाप मांगं वळून पाहे, कोन आलं म्हून."

नख कापून झालं. सरांनी पोराला "झालं हं, दुसरा हात" म्हटलं. मी तिथून उठले आणि आत जाऊन उगाच कपाट आवरत बसले. त्यानंतर मला ते नाटक वाटलं नाही.

आता निलूचं सांगते, कारण सरांची आठवण काढायची आणि निलूला वगळायचं हे जमायचं नाही.

निलू दहा-एक वर्षांची. राळेगावच्या गाडीत पेनं विकायची. केस टोपलीसारखे वाढलेले, आवाज खणखणीत. बाप फार आधीच कुठं निघून गेलेला, आई मजुरीसाठी इकडे आली आणि तापात गेली, एवढं आम्हाला इकडून तिकडून कळलं होतं. निलू स्वतः काही सांगायची नाही. "मी एकटीच हाय," एवढंच.

ती एकटी नव्हती. तिला पाच वर्षांचा भाऊ होता, बाब्या. स्टँडबाहेर फुटाण्याची गाडी लावणाऱ्या एका बाईकडे तिनं त्याला ठेवलं होतं. दिवसभर तो गाडीखाली गोणपाटावर खेळायचा, आणि रात्री ही दोघं त्याच बाईच्या ओसरीत झोपायची. हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं. स्टँडवरच्या मोठ्या मुलांनी निलूला सांगून ठेवलं होतं, की संस्थावाले पोट्टीले एकीकडं टाकते अन् पोट्ट्याले दुसरीकडं, मंग भेट नाई. तेव्हापासून तिनं जगाला एकच उत्तर ठरवून टाकलं होतं. उरलेल्या पोळीचा तुकडा ती फ्रॉकच्या खिशात घालायची, तर आम्हाला वाटायचं, रात्रीसाठी ठेवते.

पालक नसलेल्या मुलाला बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, तसं आम्ही तिला नेलं. मुलींच्या बालगृहात जागा होती, पण ते शेजारच्या जिल्ह्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघायची होती. निलूनं मनाशी ठरवलं होतं, की गाडी पहिल्यांदा थांबली की उडी मारायची आणि पळत परत यायचं. हेही आम्हाला मागाहूनच कळलं.

समितीच्या अध्यक्ष बाई खरोखर मायाळू होत्या. त्यांनी निलूला जवळ बसवून घेतलं, बिस्कीट दिलं.

"बाळ, तुला कोणी भाऊ-बहीण?"

"नाई."

"मामा, मावशी? घाबरू नको, तुला कोणी रागावणार नाही."

"मी एकटीच हाय."

"इथं तू कुठं राहायचीस?"

"स्टँडवर."

बाईंनी दोन-तीन प्रकारे विचारून पाहिलं. निलूचं उत्तर हललं नाही. शेवटी त्या आमच्याकडे वळल्या, की तुम्हाला काही विचारायचं आहे का. मी मान हलवली, नाही म्हणून. सर उठून निलूसमोर आले आणि नेहमीसारखे गुडघ्यावर बसले. तशी निलू केंद्रात क्वचितच यायची, जेवण घेऊन लगेच सटकायची. सरांशी तिचा समोरासमोर असा संबंध कधी आलेला नव्हता, त्यामुळे त्यांचं अहो-आपण तिच्या वाट्याला आलंच नव्हतं.

"निलूताई," सर म्हणाले, "इथं सगळे तुमच्याविषयी ठरवत आहेत. तुम्हाला कुठं राहावंसं वाटतं?"

निलूच्या हातातलं बिस्कीट तसंच राहिलं. तिनं सरांकडे पाहिलं, मग दाराकडे, मग परत सरांकडे. तिचा चेहरा असा उतरला की मी घाबरले.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"काय?"

"आमी दोघं आहो म्हून."

निलूला वाटलं, सगळं फुटलं. तिनं बिस्कीट टाकलं आणि सरांचा पांढरा शर्ट दोन्ही मुठींत धरला. "मले कुठंबी न्या. पन बाब्याले अलग नोका करू. तो माह्याबिगर जेवत नाई. नोका ना करू अलग." आणि मग ती मोठ्यानं रडायला लागली. आम्ही तिला कधी रडताना पाहिलेलं नव्हतं.

आम्ही सगळे हबकलो, आणि मग सगळ्यांनाच बरं वाटलं. केवढा अनर्थ टळला, असं अध्यक्ष बाई म्हणाल्या. मीही तेच म्हटलं. सरांना तेवढं बरं वाटलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी चहा नाकारला. कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसले आणि आवळलेला शर्ट सरळ करत राहिले.

"मी फसवलं वं त्यायले," ते मला म्हणाले.

"तुम्ही कुठं फसवलं सर? तुम्ही तर सगळ्यांशी तसंच बोलता."

"त्यायले वाटलं, मले मालूम आहे. मले काय ढेकळं मालूम होतं?" त्यांनी शर्टाची चुणी पुन्हा ओढली. "जन्मभर शिकवलं वर्गात, आदरार्थी बहुवचन. त्या लेकराले बहुवचन समजलं. आदर कधी भेटलाच नोता, तं तो कसा समजंन?"

सर उठले. "आता अलग नाई होऊ द्याचे," म्हणाले. "सांगून टाकलं त्यायनं माह्यापाशी. आता ते माह्याकडं लागलं."

फुटाण्याच्या गाडीखालून बाब्याला बाहेर काढायला निलू, सर आणि मी गेलो. तो आणखी आत सरकला. सर त्या गर्दीत रस्त्यावर ओणवे झाले आणि "बाबाराव, येऊ का आत?" म्हणाले. तो काही उत्तर देईना. निलूनं "बाहेर ये बे!" म्हटल्याबरोबर तो मुठीत फुटाणे घेऊन बाहेर आला. तिनं त्याचं मनगट धरलं ते बालगृहाच्या फाटकापर्यंत सोडलं नाही.

अध्यक्ष बाईंनी खटपट करून लहान आहे म्हणून बाब्याला तात्पुरतं बहिणीजवळच ठेवायला लावलं. पण ती सोय किती दिवस चालणार? थोडा मोठा झाला की त्याला मुलांच्या बालगृहात जावंच लागणार होतं. नातेवाईक शोधून झाले, कोणी मिळालं नाही. मग एकच वाट उरली. दोघांना मिळून कोणा कुटुंबानं सांभाळायला घ्यायचं. एका पोराला तयार होणारे दोघं-तिघं भेटले. त्यातल्या दोघांना बाब्याच हवा होता.

"आम्ही घेतो," असं एक दिवस सर म्हणाले. मी विचारलं, "आम्ही म्हणजे? काकूंना विचारलं का?" सर चष्मा पुसायला लागले.

काकूंची संमती तर हवीच होती, तिच्याशिवाय समिती कागद पुढे सरकवणार नव्हती. आणि काकू सरांच्या बायको असल्या तरी सरांच्या कामाच्या भक्त अजिबात नव्हत्या. सरांनी तो प्रश्न माझ्या गळ्यात घातला. "मी म्हटलं तं तो हुकूम होते," म्हणाले. "तू इचार. नाई म्हनली तं नाई."

काकू अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आयक पोरी. जगाच्या लेकरायले अहो, आपन, तुमी. अन् मले? सारा जन्म 'अवं'. या मानसानं कधी धड नाव नाई घेतलं माह्यं. मी कधी बोलली काय?" मग सूप पुन्हा उचललं. "दोन पोरं वाढोली. एक पुन्याले, एक हैदराबादले. आता माहे गुडघे नाई राह्यले. रस्त्यावरचं लेकरू म्हनजे खेळ आहे काय? उद्या पळून गेलं तं मी कोठी धुंडू?"

त्यांचं एकही म्हणणं खोटं नव्हतं. मी तसं सांगितलं आणि निघाले. फाटकापर्यंत आले तेव्हा मागून आवाज आला. "कवा जाशीन तिकडं?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी एसटीनं गेलो. सर आले नाहीत. वाटेत काकू मला सारखं बजावत होत्या, की मी नुसती पाह्याले येऊन राह्यली, हो म्हनाले नाई. बालगृह स्वच्छ होतं, तिथल्या बाईही चांगल्या होत्या. निलू आणि बाब्या आले. निलूनं भावाला आपल्या मागे उभं केलं आणि काकूंकडे तिरप्या नजरेनं पाहायला लागली. कोण नवीन आलं, आता काय विचारणार, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं.

काकूंनी काहीच विचारलं नाही. त्या तिच्या डोक्याकडे बघत होत्या.

"इकडं ये वं," त्या म्हणाल्या. "डोस्कं पाहू तुह्यं. माय वं! किती ह्या लिखा! कोनं पाह्यलं नाई काय कधी? बस इथं खाली. अवं, मान खाली कर ना. हालू नोको. हालली तं फणी लागंन."

पिशवीतून त्यांनी फणी काढली. ती त्यांच्या पिशवीत रोज असायची की त्या दिवशी मुद्दाम घेतली होती, हे मी कधी विचारलं नाही. निलू आधी ताठ बसली होती. मग तिचे खांदे खाली आले. मग तिनं पाठ काकूंच्या गुडघ्यांना टेकवली, त्या दुखऱ्या गुडघ्यांना, आणि काकूंनी हू का चू केलं नाही. बाब्या समोर येऊन फणीतल्या उवा बघत बसला आणि "हे मोठी आहे", "हे बारकी आहे" असं सांगायला लागला. परतीची गाडी चुकली. मग दुसरी घेतली.

गाडीत काकू खिडकीबाहेर बघत होत्या. कापसाची रानं मागे पडत होती. यवतमाळ जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "तुह्या सरले सांग, मांगची खोली रिकामी करा म्हनावं. पुस्तकं माळ्यावर टाका."

मग चौकशा झाल्या, पोलिसांचा दाखला झाला, घराची पाहणी झाली. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला सर "काय पाह्यतं बे, भिंतीत काय आहे?" म्हणाले, आणि काकूंनी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन दम दिला. पुण्याच्या मुलानं फोनवर थोडी कुरकुर केली. हैदराबादच्यानं सायकल पाठवली. तिकडे बालगृहात बाब्याला हलवायची भाषा सुरू झाली होती, आणि त्या दिवसांत सरांनी नखं कापताना दोनदा पोरांच्या बोटाला लावलं. मंजुरी आली तेव्हा सर केंद्रात होते. मी बातमी सांगितली. त्यांनी "बरं" म्हटलं, न्हाणीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

पुढे माझी अमरावतीला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला जेवायला बोलावलं. निलू आता शाळेत जात होती, केसांच्या दोन वेण्या, आणि आवाज होता तसाच खणखणीत. बाब्या सायकलच्या चाकाशी काहीतरी उद्योग करत होता. सरांना केंद्रातून यायला उशीर झाला म्हणून आम्ही गप्पा मारत बसलो होतो. ते आले, चपला काढल्या आणि दारातूनच म्हणाले, "निलूताई, आपण जेवलात का?"

निलू ताटं पुसत होती. तिनं ताट आपटलं.

"आजी, सांग ना वं आबाले. साऱ्या स्टँडावरच्या पोट्ट्यायले आपन, तुमी. अन् आमालेबी आपन, तुमी. आमी काय पाव्हने आहो काय? मंग घरचे कोन?"

सर दारातच उभे राहिले. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू पोळी लाटत राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बापाची गोष्ट मला माहीत होती, आणि आता हे पोर त्यांच्याकडे काय मागतंय तेही मला दिसत होतं.

"निलू," सर म्हणाले. थांबले. "निलू, तू... तू जेवलात का?"

बाब्या खो खो हसला. काकूंनी लाटणं थांबवलं. "जन्मभर पोट्ट्यायच्या वह्यायले लाल रेघा मारल्या," त्या म्हणाल्या, "अन् हे काय बोलले?"

मला वाटलं, आता सर वाक्य सुधारतील. चुकीचं वाक्य तसंच सोडून दिल्याचं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. भिंतीला हात टेकून उभे राहिले, डोळे भरलेले, आणि उत्तराची वाट बघायला लागले.

"नाई जेवली," निलू म्हणाली. "तुह्यासाठीच तं थांबली."